बोरन्हाणातल्या शिट्ट्या

माझ्या नातीच्या तोंडातली शिट्टीची गोळी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने ओढून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. शिट्टीची गोळी म्हणजे काडीवरचं लॉलीपॉप. चोखायचंही आणि फुंकून वाजवायचंही. गोळी संपली तरी काडी वाजतच राहते. दुपारी चारपर्यंत खाली आवाज करायचा नाही हा नियम, तो मला मान्य आहे. पण पोरीच्या तोंडात हात घालायचा? तोही चारचौघांत? ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आजोबा आता काय करतात म्हणून.

आजोबांनी काही केलं नाही.

रात्री मुलगा म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा, गोळीच होती."

"तोंड तुझ्या पोरीचं होतं," मी म्हटलं आणि ताटावरून उठलो.

कोपरला आज ही बिल्डिंग आहे तिथे आमचं भाताचं शेत होतं. शाळा चौथीत सोडून मी इथल्याच चिखलात उभा राहिलेलो. शेतात घाई करून काही पिकत नाही, एवढं मला कळतं.

संक्रांत आली. सेक्रेटरीच्या नातवाचं बोरन्हाण ठरलं. पोराला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि बाकीच्या पोरांनी लुटायच्या. लुटलेलं परत मागत नाहीत, अशी रीत. सेक्रेटरीची सून आमच्या सुनेला विचारायला आली, खाऊ कुठून आणू.

मी आतून म्हटलं, "गोळ्या माझ्याकडून. कल्याणला होलसेलवाला ओळखीचा आहे."

"अय्या आजोबा, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"असू दे गं. मला नातवासारखाच तो."

हे खोटं नव्हतं. पोराशी माझं भांडण नव्हतंच.

पिशवी भरून आणल्या, सगळ्या शिट्टीच्या. बायकांनी हौसेने ओतल्या, पोरांनी फ्रॉक आणि टोप्या भरून लुटल्या. सेक्रेटरी फोटो काढत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि बिल्डिंग वाजायला लागली. सेक्रेटरी बनियनवरच खाली आला. सगळ्यांच्या पुढे त्याचाच नातू, डोक्यावर हलव्याचा चिकट मुकुट, गाल फुगवून फुंकतोय. सेक्रेटरीने हात पुढे केला तसा नातू मागे सरकला.

"माझ्या बोरन्हाणातली आहे," तो म्हणाला.

मी बाकावर बसलेलो. म्हटलं, "काढा की तोंडातून. तुम्हाला जमतं ते."

त्याचा हात खाली गेला. "काका, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"मग काय, चुकून?"

माझ्या नातीने तिची गोळी तोवर फोडली नव्हती. आता तिने ती खिशातून काढली, त्याच्यासमोर उभी राहून सावकाश कागद सोडवला, आणि फुंकली.

रोज मी दुपारी झोपतो. त्या दिवशी चार वाजेपर्यंत बाकावरून उठलो नाही.