काकूंच्या रानातली पाथर

आमच्याकडं पाथर कुणी पेरत नाही. हिवाळ्यात ज्वारी-हरभऱ्यात ती आपली आपण उगवते, जमिनीला चिकटून. पिवळी फुलं धरली की पानं कडू होतात, म्हणून त्याआधीच खुडायची. कच्च्या पाल्यावर कांदा, मीठ, तिखट, कच्चं तेल, आणि सोबत ज्वारीची गरम भाकरी. लग्नाआधी मला हे गवतच वाटायचं. सासूबाईंनी गोडी लावली.

मागच्या हिवाळ्यात त्या तापानं अंथरुणाला खिळल्या. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. खिचडी केली, शिरा केला, सगळं ताटात तसंच. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न नाही गेलं तर अवघड आहे. लई भ्याले मी. आईमागं मला तीच आई. एका सकाळी त्या आपणहून म्हणाल्या, "पाथर आन."

आता आणू कुठून? आमच्या मालकांनी सगळ्या रानात तणनाशक मारलेलं. खुरपायला बाया मिळत नाहीत, हे त्यांचं रोजचं रडगाणं. तणासोबत पाथरही गेली. फवारा न मारलेलं एकच रान जवळ होतं, माझ्या चुलत सासूबाईंचं. त्यांना शेळ्यांचा जीव प्यारा, फवाऱ्याचं औषध त्या रानाला शिवू देत नाहीत. पण बांध कोरल्यावरून त्यांचं आणि सासूबाईंचं, दोघी जावांचं, बोलणं बंद. संक्रांतीच्या वाणालाही एकमेकींच्या दारात जायच्या नाहीत.

म्हटलं, बांध गेला खड्ड्यात, आणि निघाले.

"काकू, थोडी पाथर खुडू का?"

"कुनाला पायजे?"

"मलाच."

"का गं, शेळी झालीस का काय? खरं सांग."

सांगितलं. काकू खाली बसल्या, फुलावर आलेली सोडून कवळी तेवढी खुडली आणि माझा पदर भरला.

घरी येऊन ताट केलं. सासूबाईंनी घास घेतला, हळूहळू चावला, मग दुसरा घेतला. अर्धी भाकरी सरली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"कुठली गं ही?"

"बांधावरची," मी म्हटलं.

"तुज्या नवऱ्यानं बांधाला हिरवी काडी तरी ठिवली का? तिच्या रानातली हाय ही."

आता ताट सरकवतात की काय, म्हणून मी ताटाची कड धरून बसले. त्यांनी उरलेली पानं भाकरीत गुंडाळली.

"तिला म्हनावं, नुस्ती पाथर धाडून भागत न्हाई. उद्या यिऊन वाढ म्हनावं."