पोट पडलेली टेप

आमच्या बाबांना सगळं गाव ‘टेपवाले’ म्हणतं. नोकरी नगरपालिकेतली, आणि काम एकच: भाड्याच्या खोल्या मोजायच्या आणि कुठल्या खोलीत किती माणसांनी झोपायचं ते ठरवायचं. हा माणूस कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी छताकडे बघणार, मग यजमानाकडे. एकदा आजारी शेजाऱ्याला भेटायला गेले आणि तब्येत सोडून खिडक्यांची चौकशी करून आले.

घरमालक मंडळी मोजताना कापडी टेपचं दुसरं टोक मुद्दाम सैल धरत. मधे पोट पडलं की खोली बोटभर मोठी भरते. पण बाबांपुढे कुणाची डाळ शिजत नसे. "टेप ताठ!" ही त्यांची आरोळी पार रस्त्यापर्यंत ऐकू जायची. आम्ही जेवताना पाठीत वाकून बसलो तरी तीच ऐकायला मिळे.

मागच्या महिन्यात त्यांनी एक माळ्यावरची खोली बंद करायला लावली. छत इतकं खाली की उभं राहिलं की डोकं आपटायचं. निकाल बरोबरच होता. पंचाईत एवढीच, की त्या खोलीत आमची आत्या राहत होती. बाबांची थोरली बहीण, त्यांची आई गेल्यावर त्यांना लहानाचं मोठं करणारी. मला इतका संताप आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

बाबा स्वतः तिला घेऊन आले. आत्या आली खरी, पण दारातच ट्रंकेवर ठाण मांडून बसली.

"झोपू कुठे मी?"

"पोरीच्या खोलीत."

"दोघींना पुरते का ती, तुझ्या नियमाने? आधी मोज. नाहीतर ही मी चालले. पुन्हा कुणी मला ऊठ म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही."

नियमाने दोघींच्या खोलीला आठ फूट रुंदी लागते. माझी खोली बोटभर कमी आहे, हे बाबांना ती बांधल्या दिवसापासून ठाऊक. आत्याला जायला दुसरं घर नाही, हेही ठाऊक. आणि खोटं बोलणं तर या माणसाला जन्मात जमलेलं नाही. त्यांनी खिशातून टेप काढली.

आईने दुसरं टोक भिंतीला टेकवलं, पण ओढून काही धरलं नाही. मधे चांगलं पोट पडलं. मी आरोळीची वाट बघत राहिले. बाबांनी त्या पोटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग सवयीने छताकडे.

"आठ," ते म्हणाले.

आत्या उठून खोलीच्या दाराशी आली. लोंबणारी टेप तिने नीट पाहून घेतली आणि भावाच्या पाठीवरून हात फिरवला.

"ताठ म्हणायचं राहिलं रे तुझं," ती म्हणाली, आणि ट्रंक ओढत आत घेऊन आली.