विंगेतून दिलेलं वाक्य

काशीद सोडून मुरूडच्या दिशेनं निघालं की नारळी-सुपारीच्या वाड्यांमधून एक रस्ता आत जातो, तो आंबेवेळला. चैत्रातल्या जत्रेला तिथं देवळापुढं नाटक होतं. या नाटकाला विश्वंभर भाऊ गेली अडतीस वर्षं प्रॉम्प्टर होते. अडतीस वर्षांत त्यांचं तोंड प्रेक्षकांना एकदाही दिसलं नव्हतं, पण स्टेजवरचं निम्मं बोलणं आधी त्यांच्या तोंडून बाहेर पडायचं. डाव्या विंगेत प्लास्टिकचं स्टूल, मांडीवर नाटकाचं बाड, हातात बॅटरी. पंचायत समितीत तीस वर्षं कारकुनी केलेली असल्यामुळं दुसऱ्यानं लिहिलेलं हळू आवाजात वाचायची सवय त्यांना होतीच.

उरलेलं निम्मं श्रेय तुळशीरामचं. तुळशीराम म्हणजे एसटीतला निवृत्त कंडक्टर आणि नाटकातला कायमचा नायक. वय वाढलं तसा तो नायकाचा बाप झाला इतकंच. आवाज असा की शेवटच्या रांगेतलं झोपलेलं पोर दचकून उठावं. फक्त पाठांतर नव्हतं. त्यानं एक युक्ती काढली होती. वाक्य हवं असलं की दोन पावलं डावीकडं सरकायचं आणि कान खाजवायचा. भाऊ वाक्य द्यायचे, तो ते गरजायचा. बाहेरगावचे लोक म्हणायचे, "काय विचार करून बोलतो हा नट!"

"इशू," तुळशीराम भाऊंना म्हणायचा, "मी मेलो तर तू वर ये मागनं. देवानं काय इचारलं तर मला काय सांगता येनार हाय?"

यंदाचं नाटक लिहिलं होतं प्रणयनं. प्रणय म्हणजे मुरूडच्या एका पतपेढीतला तिशीचा कारकून, मूळचा पेणकडचा, मिठागरवाल्या घरातला. एकांकिका लिहून चार ढाली मिळवलेला. भाऊंचा त्याच्यावर फार जीव. पोटचा मुलगा नसलेल्या माणसाचा असतो तसा, म्हणजे दिसेल तिथं शुद्धलेखन सुधारणारा. दोघांनी मिळून मागच्या दिवाळीनंतर श्रीवर्धनला जाऊन एक जुना पडदाही बघून ठेवला होता. त्याच प्रवासात, आगरदांड्याहून दिघीला जाताना, फेरीबोटीच्या कठड्याशी भाऊंनी प्रणयला एक गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती ती.

गोष्ट अशी. भाऊंची एकुलती एक मुलगी निवेदिता. तिनं अकरा वर्षांपूर्वी प्रज्योतशी लग्न केलं. प्रज्योत पेणचा, आगरी, घरचे चार ट्रक. भाऊंनी लग्नाला जाणं टाळलं. "आपण वाडीवाली माणसं, ती ट्रकवाली," एवढंच म्हणाले. जात हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्याबद्दल त्यांना स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. पुढं भाऊंची बायको गोदावरी अंथरुणाला खिळली, तेव्हा सहा वर्षांपूर्वी निवेदिता नवऱ्याला घेऊन आईला भेटायला आली. भाऊंनी जावयाला पडवीतल्या बाकावर बसवलं. चहा केला. मुलीला कपबशी दिली. जावयाला दिला तो ग्लास कोनाड्यातला होता, नारळ पाडायला येणाऱ्या गड्यांसाठी वेगळा ठेवलेला. प्रज्योतनं चहा प्यायला, ग्लास विसळला, होता त्या कोनाड्यात पालथा ठेवला आणि "येतो, बाबा" म्हणून निघाला. निवेदिता पुन्हा आली ती आईच्या दहाव्याला, आणि उंबऱ्याबाहेरूनच गेली. आतल्या खोलीतून गोदावरीनं सगळं पाहिलं होतं. ती शेवटचे तीन महिने नवऱ्याशी औषधापुरतंच बोलली.

भाऊंचं सांगून झालं तेव्हा प्रणयचे डोळे भरले होते, ओठ हलत होते. भाऊंना वाटलं, किती हळवा पोरगा! तो पाठ करत होता, हे नंतर कळलं.

मार्चमध्ये सभामंडपात नाटकाचं पहिलं वाचन झालं. नाटकाचं नाव 'पडवी'. भाऊ चष्मा पुसून, पेन्सिलीला टोक काढून बसलेले. पहिल्या पानावर एक विधुर, आंब्याची बाग. दुसऱ्या पानावर मुलगी. सहाव्या पानावर ट्रकवाला जावई. नारळांचे तेवढे आंबे झाले होते, बाकी सगळं जसंच्या तसं. अकराव्या पानावर कोनाडा आला आणि भाऊंच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

वाचन संपल्यावर त्यांनी प्रणयला देवळामागं गाठलं.

"हे माझं आहे, प्रणय."

"काका, खरं म्हणजे हे कुणाचंही असू शकतं. अनुभव सार्वत्रिक असतो."

"कोनाडा दाराच्या डावीकडं, खालून तिसऱ्या दगडावर. हाही सार्वत्रिक?"

प्रणय जरा ओशाळला, पण लेखक होता, लगेच सावरला. "काका, तुम्ही शेवट नीट ऐकला नाहीत. मी तुम्हाला वाईट ठेवलेलं नाही. तो बाप तिसऱ्या अंकात मुलीच्या घरी जातो, त्याच ग्लासातून स्वतः पाणी पितो आणि म्हणतो, माझं चुकलं गं पोरी. पात्राला आलेख असावा लागतो. आधी पूर्वग्रह, मग माणूस गमावणं, मग पश्चात्ताप, मग बदल. परीक्षकसुद्धा तेच बघतात."

"मी बदललो, असं तुला कुणी सांगितलं?"

"नाही बदललात?"

भाऊंनी देवळाच्या भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर वर्गणीदारांची नावं होती, उत्तर नव्हतं.

"आणखी एक," प्रणय हळूच म्हणाला, "मी निवेदिताताईंना फोन केला होता. नाटकाला यायला तयार झाल्यात. बघतील, रडतील, सगळं मिटेल. तुम्हाला काही बोलायलासुद्धा लागणार नाही."

त्या क्षणी भाऊंना बाड समुद्रात फेकावंसं वाटलं. विश्वासानं सांगितलेलं पोरानं चव्हाट्यावर मांडलं होतं. त्याहून वाईट म्हणजे गोड करून मांडलं होतं. आपण न मागितलेली माफी तुळशीराम मागणार, आपल्याला न मिळालेल्या टाळ्या तुळशीरामला मिळणार! घरी जाऊन त्यांनी प्रॉम्प्टिंग सोडायचं ठरवलं. मग निवेदिता येणार आहे हे आठवलं आणि ते पुन्हा पेन्सिलीला टोक काढत बसले. मुलगी परत मिळण्याची एकच वाट दिसत होती, आणि ती दुसऱ्याच्या नाटकातून जात होती. काही बोलायलाच लागणार नाही, हा मोह लहान नसतो.

मात्र एक गोष्ट त्यांनी प्रणयला फेरीबोटीवरही सांगितली नव्हती. चहा देताना निवेदितानं विचारलं होतं, "बाबा, हा ग्लास कुणाचा?" त्यावर भाऊ एक वाक्य बोलले होते. प्रणयला प्रश्न सांगितला, ते वाक्य मात्र त्यांनी गिळलं. प्रणयला तिथं भोक दिसलं आणि त्यानं ते आपल्या मनानं बुजवलं. नाटकातला बाप म्हणतो, "अगं, गडबडीत हाताला लागला."

जत्रेचा दिवस उजाडला. लाउडस्पीकर दहाला बंद करावा लागतो म्हणून हल्ली नाटक सहालाच सुरू होतं. पहिल्या अंकाला सूर्यही प्रेक्षकांत असतो. भाऊंनी विंगेच्या फटीतून पाहिलं. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर निवेदिता. एकटीच. कानाजवळ चार केस पांढरे झालेले. आपल्या मुलीचे केस पिकले हे बापाला कापडाच्या फटीतून कळावं, हे काही बरं नव्हे.

दुसऱ्या अंकात पडवी उभी राहिली. अंगणवाडीत शिकवणारी मृणाली मुलगी झाली होती, गणराज नावाचा रिक्षावाला जावई. तुळशीरामनं गणराजच्या हातात ग्लास दिला. मृणालीनं विचारलं, "बाबा, हा ग्लास कुणाचा?"

तुळशीराम दोन पावलं डावीकडं सरकला आणि कान खाजवू लागला.

भाऊंनी बॅटरी वाक्यावर धरली. तोंड उघडलं. सवयीनं एकदा फटीतून पाहिलं. सगळा गाव ग्लास घेतलेल्या गणराजकडं बघत होता. निवेदिता बघत होती बापाकडं, म्हणजे तुळशीरामकडं. ती त्या एका उत्तराची वाट बघत होती. खरं उत्तर जगात तीनच माणसांना ठाऊक होतं आणि त्यातली दोन या मांडवात होती. 'हाताला लागला' असं म्हटलं की पुढची सगळी माफी हाताला लागलेल्या ग्लासाची होणार होती. मुद्दाम दिलेल्या ग्लासाची माफी कुणीच मागणार नव्हतं.

"तुझ्याआयला, दे की!" तुळशीराम दातांतल्या दातांत पुटपुटला. कान लाल झाला होता.

भाऊंनी बॅटरी विझवली.

"स्वच्छ आहे तो. कालच घासलाय."

तुळशीरामनं अडतीस वर्षांत या विंगेवर कधी संशय घेतला नव्हता. तो वळला आणि वडखळ नाक्यावर ओरडावं तसा गरजला, "स्वच्छ आहे तो! कालच घासलाय!"

बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "अगं बाई गं!" मृणालीला पुढचं वाक्य सुचेना. तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. समोरच्या विंगेत प्रणय दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करत होता, बुडत्या माणसासारख्या. गणराजला मात्र फक्त चहा प्यायचा होता, तो त्यानं इमानदारीत प्यायला.

भाऊंनी पुन्हा फटीला डोळा लावला. कडेची खुर्ची रिकामी होती.

नाटक पुढं चाललं. भाऊ वाक्यं देत राहिले, तुळशीराम म्हणत राहिला. तिसऱ्या अंकात "माझं चुकलं गं पोरी"ही झालं. टाळ्या पडल्या त्या वर्गणी भरल्यापुरत्या. 'कालच घासलाय' म्हणणाऱ्या माणसाला दोन तासांत माफ करायला गाव तयार नव्हता.

पडदा पडला तसा तुळशीराम मिशी उपटतच विंगेत शिरला. "इशू, दगा दिलास मला! ह्ये वाक्य न्हवतंच! मृणाली सांगते ना! मी तुझ्यावर डोळं मिटून…"

"काका, माझं नाटक मारलंत तुम्ही," प्रणय म्हणाला. "मी तुमच्यासाठी एवढं केलं!"

"माझ्यासाठी?" भाऊ म्हणाले. "मी तुला माणूस समजून सांगितलं होतं रे. तू लेखक म्हणून ऐकलंस, हे आधी सांगायचंस."

विंगेत तीन माणसं उभी होती आणि प्रत्येकाला दुसऱ्यानं दगा दिलेला होता. कोण कुणाला धीर देणार?

तेवढ्यात मागचं कापड बाजूला झालं. निवेदिता. ती गेली नव्हती, खुर्चीत बसवेना म्हणून मांडवाबाहेर उभी राहिली होती. तुळशीराम आणि प्रणय न सांगताच बाहेर सटकले.

"ते वाक्य प्रणयनं नाही ना लिहिलं?" तिनं विचारलं.

"नाही."

"सहा वर्षं मला वाटत होतं, तुम्ही बोलून विसरून गेला असाल. आठवत नसेल, तर भांडायचं तरी कशाशी?"

"आठवतं. रोज." भाऊ स्टुलावरून उठले. "आईनं ऐकलं होतं का गं?"

"ऐकलं होतं. तिनंच मला सांगितलं, परत येऊ नकोस."

हे भाऊंना ठाऊक नव्हतं. सहा वर्षं ते समजत होते, मुलगी रागानं आली नाही. गोदावरी तीन महिने त्यांच्या हातून औषध घेत होती आणि हे पोटात ठेवून होती. भाऊंनी आधाराला बांबू धरला. तो नेपथ्याचा होता, तोही हलला. निवेदिता हात पुढं करता करता थांबली.

"प्रज्योत कुठाय?"

"रस्त्यावर. गाडीत. आत यायचं नाही म्हणाले."

भाऊ तसेच, बाड काखेत घेऊन, भज्यांच्या आणि फुग्यांच्या गाड्यांमधून रस्त्याकडं निघाले. मागून निम्मा गाव निघाला, प्रत्येकाला अचानक तिकडंच काम निघालं. प्रज्योतनं काच खाली केली. तो जाडा झाला होता, कपाळावर टक्कल चढलं होतं.

"प्रज्योत, मी त्या दिवशी…"

"आज नको, बाबा." प्रज्योतनं भाऊंच्या पाठीमागच्या गर्दीकडं पाहिलं. "एवढी लोकं बघतान. त्यांना वाटंल, नाटक अजून चालूच हाय. कुणी बघत नसंल तवा या. सोमवारी मी घरी हाय."

"चहाला?"

"त्ये मी अजून ठरवलं न्हाय," प्रज्योत म्हणाला आणि गाडी सुरू केली. निवेदिता पलीकडून बसली. तिनं हात हलवला नाही, पण काचही वर केली नाही.

सोमवारी भाऊ सकाळच्या गाडीनं पेणला निघाले. रेवदंड्यापासून त्यांनी मनात वाक्यं जुळवायला घेतली. जे वाक्य जुळे ते प्रणयनं लिहिल्यासारखं वाटे. आलेख असलेलं, टाळ्या घेणारं. अलिबागपर्यंत चार खोडली, पोयनाडला आणखी दोन. वडखळनंतर त्यांनी नाद सोडला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पेणच्या स्टँडवर उतरले तर रिक्षावाला पुढं आला. "कुठं जायचं, काका?"

भाऊंनी सांगायला तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. अकरा वर्षांत मुलीचं घर कुठल्या आळीत आहे, हे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. गोदावरीला माहीत होतं बहुतेक. रिक्षावाला वाट बघत होता.

त्यांनी फोन काढला. 'निवी' या नावानं गोदावरीनं कधीतरी घालून ठेवलेला नंबर होता, एकदाही न लावलेला. तो त्यांनी लावला.

"निवेदिता, मी स्टँडवर उभा आहे," भाऊ म्हणाले. "तुझं घर कुठं आहे, ते मला माहीत नाही."