आतलं हिरवं पातळ

मामी कापडाला कात्री लावत नसे. दातानं कड चावायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायची. तो आवाज आला की नेकनूरच्या त्या घरात मामासुद्धा हळू बोलायचा.

आई गेल्यावर मी तिच्याकडेच वाढलो. जुन्या धोतर-पातळांच्या घड्या एकावर एक अंथरून, वर चिंध्यांची ठिगळं लावून ती वाकळ शिवायची. सुई अशी खुपसायची, जणू खाली कुणाचं तरी काळीज आहे. टाका ढिला निघाला की माझ्या पाठीत गुद्दा. टाका तिनंच घातलेला असायचा.

एकदा मामानं पिऊन येऊन तिचं चिंध्यांचं बोचकं चुलीत लोटलं. मामीनं ते हातांनी ओढून काढलं आणि जळतं तसंच त्याच्या पाठीवर हाणलं.

"लेकरायचं पांघरून हाय ते. पुन्हा हात लावला तर तुलाच ठिगळासारखा शिवीन."

हात पोळलेले असताना ती पुन्हा शिवायला बसली. मामा अंगणात ओल्या पोत्यावर पालथा पडून होता.

माझं तिच्याशी भांडण वेगळं. आईची आठवण म्हणून एक हिरवं पातळ उरलं होतं. एक दिवस ते पेटीतून गेलं आणि घरात स्टीलचं नवं पातेलं आलं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण नुकतीच येऊन गेली होती. मी पातेलं दगडावर आपटून चेपवलं. मामीनं त्याच पातेल्यानं मला बडवलं.

"तुझ्या वाकळंत घातलंय ते, मुडद्या. पेटीत उंदरं खात होती."

वाकळेवर हिरवं एकही ठिगळ नव्हतं.

"दाव की मंग."

"आत हाय. उसवलीस तर बोटं तोडीन."

मी वाकळ तिच्या अंगावर फेकली. पुढं घर सोडलं, केजला कापडाचं दुकान थाटलं. गिऱ्हाइकानं मालाला नाव ठेवलं की कापडाची दोन टोकं धरून जोरात ओढून दाखवतो. ही रीत तिचीच. पण राग गेला नाही.

परवाच्या हिवाळ्यात मामी गेली. माझीच वाकळ ती शेवटपर्यंत पांघरत होती. मयताचं पांघरूण आमच्याकडं चितेवर टाकतात. मसणवाट्यात चिता पेटली, तसा मामेभाऊ ती घेऊन पुढं निघाला. मला ती उसवून बघायची होती. बोटं तोडायला आता कुणी नव्हतं.

"ही दे. चार नवी ब्लँकेटं घे."

"मसणवाट्यात सौदा करतो का बे?"

मी त्याची गचांडी धरली. त्यानं माझ्या तोंडावर ठोसा हाणला. दोघांनी दोन्हीकडून खेचली, तशी वाकळ मधोमध फाटली आणि आतून हिरवं बाहेर आलं. आईचं पातळ, घडीवर घडी.

"थांब," मी ओरडलो. तोवर त्यानं आपल्या हातातली अर्धी चितेवर फेकली होती. मी आगीत हात घातला. लोकांनी मला मागं ओढलं.

त्याचं तोंड मी अजून बघत नाही. माझी अर्धी दुकानात आहे. बायको फाटकी कड शिवायला बसली, तेव्हा तिच्या हातातून सुई हिसकावून घेतली. ते हिरवं पुन्हा आत जाऊ देणार नाही.