डोंगरावर गेलेल्या माणसाचं ताट

विमानाच्या खिडकीतून आयर्लंड पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते इतकं हिरवं होतं की मला संशयच आला. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे समोर दिसतं त्यावरही चटकन विश्वास बसत नाही. बाबा पुराव्याशिवाय चहासुद्धा पीत नाहीत, असं माझी मुलगी मुक्ता सगळ्यांना सांगते. ती डब्लिनहून बसने तासाभरावर असलेल्या नावन नावाच्या गावात राहते. मी डुलकीच्या भरात एक थांबा आधीच उतरलो आणि वाऱ्यात टोपी सांभाळत, बॅग ओढत तिच्या दारात उभा राहिलो.

"बाबा, कॉल करायचा ना! मी कार घेऊन आले असते," ती म्हणाली. तीन वर्षांनी भेटत होतो. तिने चहा टाकला.

रविवारी तिने मला जवळच्या तारा नावाच्या टेकडीवर नेलं. आयरिश लोकांच्या जुन्या राजांची ही जागा. बघायला म्हणाल तर गवताचे उंचवटे, मेंढ्या आणि लांबवर पसरलेली शेतं. सोबत मुक्ताची शेजारीण मारिसेल होती. ती फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या इलोकोस भागातली, इथल्या इस्पितळात नर्स. तिने डब्यातून पॅनसिट (भाज्या घालून परतलेल्या बारीक शेवया) आणलं होतं. उतारावर बसून आम्ही ते खाल्लं. लिंबू पिळल्यावर चव आपल्या शेवयांच्या उपम्याच्या फार जवळ जाते.

"अंकल, एखादी गोष्ट खरी की खोटी, हे तुम्ही कसं ठरवता?" मारिसेलने विचारलं.

जूनमध्ये इथले फिलिपिनो लोक आपला स्वातंत्र्यदिन साजरा करतात. सभागृहात प्रत्येक जण आपल्या गावाबद्दल थोडं बोलतो. मारिसेलचे वडील सांगत, त्यांचे पणजोबा स्पॅनिश राजवटीविरुद्ध लढायला डोंगरात गेले. तिला त्या पणजोबांचं नाव तिथे घ्यायचं होतं. पण नाव ठाऊक नव्हतं आणि वडील गेल्या वर्षी वारले. रजा मिळून ती गावी पोचली तोवर मातीही झाली होती.

"जुन्या स्पॅनिश कागदांत तर अशा लोकांना लुटारूच म्हटलंय," ती म्हणाली.

"इंग्रजांच्या कागदांत आमचीही कितीतरी माणसं दरोडेखोर आहेत. कागद कुणी लिहिला ते आधी बघायचं. घरात जुनं माणूस कोण आहे?"

"एक आत्या. पण तिला आता विसरायला होतं."

"मग कागद राहू दे. तो थांबेल. आत्याला फोन कर. पण आपले शब्द तिच्या तोंडात घालू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपवून आलेल्या मारिसेलने मुक्ताच्या स्वयंपाकघरातून फोन लावला. मला इंग्रजीत सांगत सांगत तिने नेमकं नको तेच केलं. ते सैनिक होते ना? हो. शूर होते ना? हो. त्यांचं नाव हुआन होतं का? हो. पेद्रो होतं का? तेही हो. सातासमुद्रापलीकडच्या भाचीला त्या माउलीला नाही म्हणवत नव्हतं. मी खुणेनेच मारिसेलला गप्प राहायला सांगितलं. मग आत्या आपणहून बोलू लागली, आणि मारिसेल हळूहळू मला सांगत गेली.

आत्याची आजी रोज एक ताट जास्त वाढायची. तिच्या सासूने, म्हणजे त्या पणजोबांच्या बायकोने, तिला तसं बजावलं होतं. मारिसेलला वाटलं, हे आतांग (मृतांसाठी काढून ठेवलेलं जेवण) असणार, आपण पितरांना पान वाढतो तसं. तिने तसं म्हणताच आत्या चिडली. आतांग मेलेल्यांसाठी असतं, हे ताट डोंगरावरून परत येणाऱ्यासाठी होतं. त्याचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही, पोरांच्या तोंडून शिपायांच्या कानावर जाईल. राजवट गेली, दुसरी आली, तीही गेली. नाव घ्यायचं नाही, हे तेवढं राहिलं.

स्वातंत्र्यदिनी सभागृहात मारिसेल म्हणाली, "त्यांचं नाव मी सांगू शकत नाही. त्यांना वाचवायला माझ्या घराने ते गिळलं, आणि ते परत आलेच नाहीत." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसत होतो.

भारतात परतून आता महिना झाला. राष्ट्र कसं घडतं यावर मी आयुष्यभर बोललो. सभा, ठराव, लढाया, सगळं सनावळीसकट. वाट पाहणाऱ्यांना त्यात मी जागा दिली नव्हती. संध्याकाळी घर शांत होतं तेव्हा मला मुक्ताची फार आठवण येते.

डब्लिनहून निघताना विमानतळावर मुक्ता गाडी लावायला गेली होती. मारिसेल माझ्याजवळ थांबली.

"आत्या दर वेळी विचारते, कधी येतेस? मी दर वेळी म्हणते, लवकरच. अंकल, तीही माझं ताट वाढत असेल का?"

"तिलाच विचार," मी म्हणालो. "पण फोनवर नको."