झाडासमोर बाबा

धुकं खाली आणि आपण वर! हे सुख ज्याने भोगलं नाही, त्याला माझं वेड कळायचं नाही. लीड्सहून तासाभराच्या ड्राइव्हवर डेल्सच्या डोंगराळ भागात एक टेकडी आहे. माथ्यावर चुनखडीच्या करड्या फरशा पसरलेल्या, आणि त्यांच्या फटीतून उगवलेलं एकच हॉथॉर्नचं झाड. काटेरी, खुरटं, वाऱ्याने एका अंगाला झुकवलेलं. त्याच्या मागे दरी. ती दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असताना त्या झाडाचा फोटो मला हवा होता. बस, एवढंच. त्यासाठी दर ऑक्टोबरला मी तिथे हेलपाटे घालत होते. कधी धुकंच नाही, कधी इतकं की झाडही गायब, कधी सगळं जमून आलं तर वारा असा की फांद्या ठरेनात.

माझा कॅमेरा लाकडी, भात्याचा. तिवईवर उभा करायचा, डोक्यावरून काळं कापड घ्यायचं आणि मागच्या दुधी काचेत बघायचं. त्या काचेत जग उलटं दिसतं, आभाळ खाली आणि जमीन वर. एका फोटोला तळहाताएवढी फिल्मची एक शीट. दोन बाजूंना दोन शीट मावतील अशा चपट्या होल्डरमध्ये ती मिट्ट काळोखात भरावी लागते. ऑफिसमधले म्हणतात, "फोनवर का नाही काढत?" मी उत्तर द्यायचं सोडून दिलंय. उगाच डोकं फिरतं.

त्या ऑक्टोबरात बाबा साताऱ्याहून माझ्याकडे आले होते. एका संध्याकाळी फोरकास्ट बघितला, रात्री थंडी, आभाळ मोकळं, वारा जवळजवळ नाही. म्हणजे पहाटे दरीत धुकं नक्की! ताबडतोब बाथरूममध्ये शिरले, दाराच्या फटीला टॉवेल लावला, दिवा घालवला आणि फिल्म भरायला बसले. पहिला होल्डर भरून होतोय तोच दारावर थाप.

"अगं, झालं का? किती वेळ?"

"बाबा, दार उघडू नका! फिल्म उघडी आहे!"

"मी कुठे उघडतोय? पण मला जायचंय ना."

आमच्या घरात बाथरूम एकच. काय करणार? फिल्मचा डबा बंद केला आणि बाहेर आले. नंतर स्वयंपाक, जेवण, गप्पा, आणि बाकीचे होल्डर भरायचं डोक्यातून साफ निघून गेलं. ते पहाटे गाडीत बसल्यावर आठवलं. स्वतःवर इतकी चिडले की बाबा म्हणाले, "हळू चालव गं, तुझ्या रागाचा पाय त्या पेडलवर नको."

पण टेकडीच्या माथ्यावर पोचलो आणि राग कुठल्या कुठे पळाला. दरी भरली होती! अगदी काठोकाठ, गच्च, पांढरीशुभ्र. पलीकडच्या टेकड्यांची नुसती टोकं वर आणि त्यांच्यावर सूर्याची पहिली तिरीप. मी लहान मुलीसारखी ओरडले, "बाबा, बघा! बघा ना!"

"अरे बाप रे," बाबा म्हणाले, "दूध उतू जाणार बघ हे आता."

खरंच उतू जाणार होतं. धुकं हळूहळू वर चढत होतं. तिवई उभी केली, कॅमेरा चढवला, कापडात डोकं घातलं. काचेत माझं झाड उलटं लटकलेलं, त्याच्यावर जमीन, खाली ऊन. फोकस केला, होल्डर आत सरकवला, फिल्मवरची झाकणपट्टी ओढून काढली. आणि बघते तर लेन्स उघडीच! फोकससाठी उघडलेली लेन्स आधी बंद करायची आणि मग पट्टी ओढायची, हे या कॅमेऱ्याचं पहिलंवहिलं शिक्षण. उजेड लागून पहिली शीट वाया गेली. जे तोंडाला आलं ते बाबांसमोर बोलायचं नव्हतं, पण बोलले.

मात्र बाबा जवळ नव्हतेच. तिकडे लक्ष द्यायला मला वेळ कुठे होता? होल्डर उलटा केला. आता ही एकच शीट. लेन्स बंद आहे ना? आहे. पुन्हा बघितलं, आहे. पट्टी ओढली, शटरची वायर हातात घेतली आणि मान वर केली.

माझ्या झाडासमोर बाबा उभे होते.

"बाबा! बाजूला व्हा! बाजूला!" मी दोन्ही हात हलवत किंचाळले.

त्यांनी मान डोलावली. कानटोपी काढून खिशात घातली. दुसऱ्या खिशातून कंगवा काढला आणि केस विंचरायला लागले. समोर कॅमेरा उभा केलाय म्हणजे आपला फोटो निघतोय, आणि फोटो निघतोय म्हणजे भांग नीट हवा. संपलं!

"बाबा, तुमचा नाही! झाडाचा!"

"थांब गं जरा! घाई काय आहे?"

घाई काय आहे! त्यांच्या मागे धुकं झाडाच्या बुंध्याला लागलं होतं. बाबांचे गुडघे दुखरे, त्या फटीफटींच्या फरशांवरून ते बाजूला होईपर्यंत सगळं पुसलं गेलं असतं. इतक्या वर्षांचे हेलपाटे! मला रडू यायचं बाकी होतं. बाबांनी कंगवा ठेवला, कोटाची बटणं लावली, हात सरळ खाली सोडले आणि श्वास रोखला. मी चिडून, अगदी दात-ओठ खाऊन वायर दाबली. लेन्स पूर्ण सेकंदभर उघडी राहिली. मग झाड गेलं, बाबा गेले, सगळीकडे नुसतं पांढरं.

त्या पांढऱ्यातून आवाज आला, "आला का?"

परतताना मी धुमसतच गाडी चालवत होते. बाबा मात्र खुशीत. "जरा म्हणून हललो नाही," ते म्हणाले.

"बाबा, माझ्या फोटोंत माणसं नसतात."

"का? त्यांनी काय केलंय?"

कपाळ!

संध्याकाळी फिल्म धुतली, रात्रभर वाळत टाकली. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी निगेटिव्ह धरली. आलं होतं! निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं, म्हणून धुकं काळंकुट्ट, झाड पांढरं, काटान् काटा स्वच्छ. आणि झाडासमोर नखाएवढे बाबा, ताठ. डोळ्याला भिंग लावलं. बाबांचा काळा कोट पांढरा झाला होता आणि त्यांचे पांढरे केस काळेभोर. भांग पाडलेले, दाट, मी शाळेत होते तेव्हाचे.

"कसा आलाय?" बाबांनी विचारलं. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. चहा निवला तरी बघत होते.

"कागदावर काढलास की हे केस परत पांढरे होणार ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि चहा परत गरम करायला नेला. मी त्या फोटोचा प्रिंट अजून काढलेला नाही.