ग्लेनिस बाईंची खारवलेली कोंबडी

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाच्या शाळेत सातवीचा इतिहास म्हणजे ग्लेनिस पास्को आणि तिची कोंबडी, हे सव्वीस वर्षं ठरलेलं. खाटकाकडून आतड्या-काळजासकट आख्खी कोंबडी आणायची, मुलांकडून ती साफ करवून, आतलं सगळं बरण्यांत भरून, मीठ-सोड्यात पुरायची, सहा आठवड्यांनी पट्ट्या गुंडाळल्या की झाली इजिप्तची ममी! वास तर असा सुटायचा की आठवीची पोरं मुद्दाम नाक दाबून बघायला यायची.

यंदा टॅम्सिन ही नवी शिक्षिका आली. वय चोवीस. सातवीचा दुसरा वर्ग तिला मिळाला. तिची पोरं ममी करायची ती ऑनलाइन खेळात: अवयव काढा, बरण्यांत भरा, चुकलं की कोल्ह्याच्या तोंडाचा देव गुरगुरणार. भिंतीपलीकडे नुसती धमाल, आणि ग्लेनिसची मुलं घड्याळाकडे बघत बसलेली. त्यात मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या वर्षी दोन्ही वर्ग दोघींपैकी एकीलाच देणार. तेव्हापासून ग्लेनिसचा नुसता जळफळाट चालला होता.

"बटणं दाबून कुठे इतिहास येतो होय?" ती चहाच्या सुट्टीत म्हणाली.

"तू बघितलायस तरी का तो खेळ?" विज्ञानाच्या नोरीनने विचारलं.

"माझं काही अडलं नाहीये!"

शनिवारी सकाळी मात्र तिने खेळ उघडला. त्यातल्या चुका काढून मुख्याध्यापकांपुढे टाकायच्या, एवढाच बेत. फुफ्फुसं बरणीत, यकृत बरणीत, हृदय बरणीत... देव गुरगुरला. पुन्हा केलं, पुन्हा गुरगुरला.

"मेल्या, तुला काय कळतंय!" म्हणत तिने कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं. पुस्तक देवाच्याच बाजूचं निघालं. हृदय शरीरातच ठेवायचं. सव्वीस वर्षं ती ते पोरांना बरणीत घालायला लावत होती.

सोमवारी तिने मन घट्ट करून वर्गात सांगितलं, "मुलांनो, हृदयाचं माझं चुकलं. ते आतच ठेवायचं असतं."

कुणाला नवल वाटलं नाही.

"माहितीये, मिस," पुढे बसलेली मार्नी म्हणाली. "पलीकडच्या वर्गातल्यांनी कधीच सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मिस टॅम्सिननी सगळ्यांना शपथ घातली होती. म्हणाल्या, पास्को मिसना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

निदान ती टॅम्सिन कार्टी दुष्ट तरी असायला हवी होती! ग्लेनिसला रडूच आलं. सुट्टी होताच ती मुख्याध्यापकांकडे गेली.

"दोन्ही वर्ग तिलाच द्या," ती म्हणाली. "फक्त माझ्यासमोर तिचं कौतुक करू नका."